दुसरा पासपोर्ट कधी कामाला येत नाही



आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज परदेशात आहेत. मुलं तिकडेच वाढताहेत. उद्या सुना-जावई कुठल्याही देशाचे येतील आणि नातवंडांना जन्मतःच दोन नागरिकत्वं मिळतील. म्हणून आठवणी सांगण्याआधी पाच मिनिटं वेगळ्या विषयावर बोलते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले महत्त्वाची यंत्रणा एकाला दोन ठेवतो. एक बंद पडली की दुसरी चालते. दोन पासपोर्टांबद्दलही आपला असाच समज असतो. तो किती फसवा आहे, हे नाझनीन झागरी-रॅटक्लिफ यांच्या बाबतीत जगाने पाहिलं.

नाझनीन इराणी आणि ब्रिटिश, दोन्ही. लंडनला संसार. नवरोजला बावीस महिन्यांच्या लेकीला घेऊन त्या माहेरी तेहरानला गेल्या. परतताना, ३ एप्रिल २०१६ रोजी, विमानतळावरच त्यांना अटक झाली. लेकीचा ब्रिटिश पासपोर्ट काढून घेतला गेला. ती आजी-आजोबांकडे राहिली. नाझनीन यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. सरकार उलथवण्याच्या कटाचे आरोप त्यांनी कायम नाकारले.

इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्याच्या लेखी त्या फक्त इराणी, त्यामुळे ब्रिटिश वकिलातीला दार बंद. १९३० च्या हेग करारातही नियम असाच आहे: माणूस ज्या देशाचाही नागरिक आहे, त्या देशाविरुद्ध दुसऱ्या देशाने त्याला राजनैतिक संरक्षण देऊ नये. ब्रिटनने २०१९ मध्ये ते संरक्षण जाहीर केलं, इराणने जुमानलं नाही.

आणि मागे होता जुना हिशेब. शहांच्या काळात इराणने ब्रिटनकडून रणगाडे घेण्यासाठी आगाऊ पैसे भरले होते. १९७९ च्या क्रांतीनंतर व्यवहार मोडला, पैसे अडकले. त्या हिशेबात अडकल्या नाझनीन. पती रिचर्ड २०२१ मध्ये लंडनच्या परराष्ट्र खात्यासमोर एकवीस दिवस उपोषणाला बसले. मार्च २०२२ मध्ये ब्रिटनने सुमारे चाळीस कोटी पौंड फेडले आणि त्याच सुमारास नाझनीन घरी आल्या. लेक तोवर सात वर्षांची झाली होती.

याउलट कुलभूषण जाधव यांचं प्रकरण आठवा. तेही २०१६ मध्येच पाकिस्तानच्या ताब्यात गेले. त्यांची सुटका झालेली नाही. पण ‘हा आमचा नागरिक आहे’ म्हणून भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभं राहता आलं, आणि वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने करार मोडला असा निकाल २०१९ मध्ये मिळवता आला.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे; ते बाळगणारी आपली मुलं इथे कायद्याने परदेशीच. म्हणजे इथे काही झालं, तर त्यांच्या देशाच्या वकिलातीला मदतीला येता येतं. पण ज्याच्याकडे खरोखर दोन नागरिकत्वं आहेत, त्याने त्यातल्या एका देशात पाऊल टाकण्याआधी एवढंच विचारावं: हा देश मला कोण समजतो? तिकीट काढण्याआधी हे घरात बोला, मुलांना समजावून सांगा.

नागरिकशास्त्राचा तास आपण तेव्हा कंटाळून काढायचो. बाई, तो धडा आज उपयोगी पडतोय.