मोहीम संपल्यावर घाट कोण झाडते?

(पंचगंगा घाटावरील स्वच्छतेनंतरच्या बैठकीतील भाषण)



आज घाटावरून आपण काय काय उचलले ते आठवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य, देवांच्या तसबिरींच्या फुटक्या काचा, उत्तरकार्यानंतर टाकलेले कपडे, थर्माकोल, कागदात गुंडाळलेले सॅनिटरी पॅड. काठ झाडून झाला. जयंती नाल्याचे पाणी मात्र खराट्याला दाद देत नाही.

आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात समुद्राला. तिथे नदीच्या मुखाशी तिवरांचे जंगल आहे, त्याला अभयारण्याचे संरक्षण आहे. ते हवेच. पण उघड्या हातांनी काच उचलणाऱ्या बाईला कुणाचे संरक्षण?

घाण पाण्याची किंमत बाई आधी मोजते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. पाणी उकळणे, पथ्याचे रांधणे, आजाऱ्याची उस्तवार कुणाच्या वाट्याला आली, हे वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर घराघरांतला चिखल कुणी उपसला? पंचनाम्यात पडलेल्या भिंती मोजतात. या श्रमांना रकानाच नसतो.

समाजकार्याच्या वर्गात मी ‘लोकसहभाग’ हा शब्द शिकले. वस्तीत काम करताना दिसले ते असे : रविवारी आपण कचरा उचलला की कौतुक होते, सोमवारी तोच कचरा कचरावेचक बाईने उचलला की तिला हटकतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. पॅडसोबत वेष्टन देण्याची जबाबदारीही उत्पादकांवर टाकली होती. कागदावरचे हक्क आपोआप पदरात पडत नाहीत, ते मागावे लागतात.

म्हणून मोहिमेसोबत मागण्याही हव्यात : हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची लस, हात धुवायला पाणी, कचरा निवडायला जागा आणि ओळखपत्र. घरीही सुरुवात करू. पॅड वेगळे बांधून खूण करून द्यायचे, निर्माल्य प्लास्टिकमध्ये घालायचे नाही. रूढी बदलत नाही असे कुणी म्हणाले, तर त्यांना मूर्तिदानाची आठवण द्या. ते याच कोल्हापुरात रुजले.

पुढच्या रविवारी नवऱ्यांना, मुलांनाही आणा. खराटा त्यांच्याही हातात शोभतो. आणि सोमवारी सगळ्याजणी निवेदन घेऊन महानगरपालिकेत जाऊ. त्या दिवशी कचरावेचक बायका पुढे असतील, आपण त्यांच्या मागे.