सिंकोनाची साल आणि लक्षणांची वही



१७९० मध्ये लाइपझिगजवळ राहणारे एक जर्मन डॉक्टर, सॅम्युएल हानेमान, एडिंबरोच्या विल्यम कलन यांच्या औषधिविज्ञानावरील ग्रंथाचे भाषांतर करीत होते. त्यांचे घर त्या काळी वैद्यकीवर नव्हे, भाषांतरावर चाले. सिंकोनाची साल जठराला बळ देते आणि म्हणून हिवताप हटवते, हे कलन यांचे विधान त्यांना पटेना. तेव्हा अंगात ताप नसताना त्यांनी काही दिवस रोज दोनदा चार-चार ड्रॅम, म्हणजे दर वेळी सुमारे १५ ग्रॅम, साल स्वतःच घेतली.

पाय व बोटांची टोके गार पडली. मग ग्लानी आली, छाती धडधडू लागली, नाडी जलद चालू लागली. थरकाप, गालांवर लाली, तहान. दर वेळी हा प्रकार दोन-तीन तास टिके. साल थांबवताच प्रकृती पूर्ववत झाली. हुडहुडी मात्र भरली नाही, हे त्यांनीच प्रामाणिकपणे नमूद केले आहे. ही नोंद भाषांतराच्या तळटीपेत छापली गेली. एका चिकित्सापद्धतीचे बीज तळटीपेत पडावे, हे भाग्य भाषांतरकारांच्या वाट्याला क्वचितच येते!

निरोगी माणसात औषध जी लक्षणे उपजवते, तशाच लक्षणांचा रोग ते बरा करते, असा सिद्धांत त्यांनी पुढे मांडला. मग परीक्षा देणाऱ्यांसाठी नियम झाले : आहार साधा, मसाले वर्ज्य, श्रम बेताचे, जे जाणवेल ते आपल्याच शब्दांत टिपावे.

अडचण त्या टिपणातच होती. सिंकोनाने कानांत आवाज होतात, हे आजचे वैद्यकही मानते. परंतु चार दिवस स्वतःवर डोळा ठेवून बसणाऱ्या कोणालाही डोकेदुखी, जांभया, उदासपणा सापडतोच. वहीत दोन्ही एकाच रांगेत बसत. शिवाय सिंकोनाने निरोगी माणसाला हिवताप जडत नाही. शार्ल लाव्हरां यांनी १८८० मध्ये हिवतापाचा परजीवी पाहिला. सालीतील क्विनीन उपयोगी पडते ते त्याला मारून.

ही सरमिसळ निवडण्याचा एक प्रयत्न न्यूरेंबर्ग येथे १८३५ मध्ये झाला. औषध या वेळी वनस्पतिजन्य नव्हते, होमिओपॅथीच्या रीतीने अतिविरल केलेले मीठ होते; परंतु प्रश्न तोच. काही कुप्यांत ते, काहींत वितळलेल्या हिमाचे शुद्ध पाणी. कोणत्या कुपीत काय, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि वाटणाऱ्यालाही. पन्नास जणांनी अनुभव कळवले. बेचाळीस जणांना विशेष काही जाणवले नव्हते. उरलेल्या आठांपैकी पाचांच्या कुपीत मीठ निघाले, तिघांच्या कुपीत नुसते पाणी.