वनाचा धनी कोण?

राज्यपद्धती व अर्थव्यवस्था यांच्या तुलनेचा विषय निघाला की अमेरिका व रशिया ही नावे प्रथम पुढे येतात. भांडवलशाहीत उत्पादनाची साधने व्यक्तीच्या हाती असतात, समाजसत्तावादात ती सरकारच्या हाती जातात, एवढे सांगितले की विवेचन पुरे झाले असे समजण्यात येते. परंतु या दोघांवाचून तिसरा धनी संभवतच नाही काय? या प्रश्नाचे उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात शोधणे बोधप्रद ठरेल.

गोंड राजे, नागपूरकर भोसले व इंग्रज अशा तीन सत्ता या प्रदेशाने पाहिल्या. इंग्रजी अमदानीत अरण्य सरकारचे झाले. १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली. वस्तुतः वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवताचा प्रकार आहे. या एका शब्दामुळे तो गावकऱ्यांच्या सत्तेबाहेर गेला. स्वातंत्र्यानंतरही कायदा तोच राहिला. कागदाच्या कारखान्यांना सरकारी ठेक्याने बांबू मिळे; तोडणाऱ्यास केवळ मजुरी मिळे. मालकी सरकारची आणि नफा खाजगी, अशी ही व्यवस्था होती. तेव्हा पुस्तकांत परस्परविरोधी दिसणाऱ्या दोन पद्धती व्यवहारात एकत्र नांदू शकतात, हे उघड आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावाने निराळा मार्ग धरला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा सर्वश्रुत आहे. श्री. देवाजी तोफा हे या कार्यातील अग्रणी होत. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसंमतीने होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपज मानले आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तथापि वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडले. हक्क कागदावर असणे आणि माल बाजारात नेता येणे, यांत एवढे अंतर असते! पुढे २०१३ साली गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्यान्वये शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेस अर्पण करण्याचा निश्चय केला; कसण्याचा अधिकार मात्र त्या त्या कुटुंबाकडेच राहावा अशी ही योजना आहे.

यावर आक्षेप संभवतात. सर्वसंमती लहान गावात साधते. नगरास ती साधेल काय? शिवाय ज्या कायद्याने हक्क दिला तो संसदेनेच केला, आणि बांबूचा ग्राहक बाहेरच्या बाजारातूनच येतो. हे आक्षेप खरे आहेत. ग्रामसत्ता राज्यसंस्थेस किंवा बाजारास नाहीसे करीत नाही. ती एवढेच करते की, पूर्वी जो केवळ मजूर म्हणून उभा होता, तो आता विक्रेता म्हणून बोलणी करतो व किती तोडावे, किती राखावे हेही ठरवितो.

कोणत्याही व्यवस्थेची पारख तिच्या नावावरून न करता निर्णय कोण घेतो, लाभ कोणास होतो आणि चुकीचे फळ कोण भोगतो, या तीन प्रश्नांवरून करावी. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर जेथे एकच येते, तेथेच स्वराज्य या शब्दास अर्थ प्राप्त होतो.