आवाज ओळखीचा वाटला पाहिजे



आज मी तुमच्याशी लाउडस्पीकरबद्दल बोलणार आहे. लाउडस्पीकर म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढं मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा उभा राहतो. मला त्याबद्दल बोलायचं नाही. घरात चार माणसांनी बसून गाणं ऐकावं, बोलणं ऐकावं, यासाठी ज्या पेट्या तयार झाल्या, त्यांतल्या तीन जुन्या आणि नामांकित पेट्यांची हकिगत सांगायची आहे. पण आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. म्हणजे या विषयाकडं मी का वळलो, ते तुमच्या ध्यानात येईल.

माझी आई जात्यावर ओव्या फार गोड म्हणायची. १९८६ साली थोरल्या बहिणीनं, तिला आम्ही अक्का म्हणतो, टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून अर्धा तास ओव्या टिपून घेतल्या. पुढं काही वर्षांनी आई गेली. वर्षश्राद्धाला सगळा गोतावळा जमला, तेव्हा धाकट्या भावाच्या मनात आलं, आईचा आवाज सगळ्यांना ऐकवावा. त्यानं भाड्यानं दोन भल्यामोठ्या पेट्या आणून अंगणात मांडल्या. टेप सुरू झाली. आवाज पार वेशीपर्यंत गेला. पण पाच मिनिटांत अक्का उठून आत गेली. मी मागोमाग गेलो, तर ती म्हणाली, "बंद कर रे ते. ती आई नव्हे."

टेप तीच, ओव्या त्याच, आवाजही आईचाच. मग लेकीला आईचा आवाज ओळखीचा का वाटू नये? या प्रश्नानं मला लाउडस्पीकरच्या नादी लावलं.

लाउडस्पीकरच्या पोटात काय असतं, ते आधी पाहू. एक कागदी शंकू असतो. त्याच्या बुडाशी बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या फटीत लोंबकळत असतं. वेटोळ्यातून वीज खेळली की ते पुढं-मागं हलतं, त्याबरोबर कागद हलतो, कागदानं हवा हलते आणि ती हलती हवा आपल्या कानावर येते. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ही रचना शास्त्रशुद्ध रीतीनं मांडली. आजही बहुतेक लाउडस्पीकर त्याच तत्त्वावर चालतात.

आता यात एक गोम आहे. कागद पुढं सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खालच्या स्वरांच्या बाबतीत या दोन्ही लाटा कडेनं वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून उघडा स्पीकर चिरका वाजतो.

शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहा. मोडक्या रेडिओतला स्पीकर काढा आणि चालू रेडिओला तारेनं जोडा. आवाज किडकिडीत येईल. आता दोन-अडीच फूट लांब-रुंद जाड पुठ्ठा घ्या, त्याला मधोमध स्पीकरच्या तोंडाएवढं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट धरा. त्याच स्पीकरचा आवाज एकाएकी भरदार होईल. पुठ्ठ्यानं दोन्ही लाटांच्या मध्ये भिंत उभी केली, एवढंच. लाउडस्पीकरला पेटी का लागते, याचं उत्तर मुलांना शब्दांवाचून मिळेल.

पण पेटी म्हटलं की दुसरी अडचण आली. खर्जाच्या लाटा फार लांब असतात. सेकंदाला शंभर कंपनं होणाऱ्या स्वराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर भरते. म्हणून जुन्या काळी खर्ज हवा असेल, तर पेटी कपाटाएवढी करावी लागे. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी १९४६ च्या सुमारास चार फुटांहून उंच असा घडीचा कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसवला आणि कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच कर्ण्याचं तोंड बनवलं. युक्ती नामी होती, पण तेवढा कोपरा सगळ्यांच्या घरी कुठून असणार?

ही अडचण सोडवली ती एका शिक्षकानं. एडगर विल्चर हे न्यूयॉर्क विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गात ध्वनिविद्या शिकवीत. त्यांचा विचार साधा होता. लाउडस्पीकरचा कागद जागेवर परत यावा म्हणून त्याच्या कडा ताठ ठेवीत. पण अशी ताठ कड सारखी ओढत नाही. कागद फार पुढं गेला की ती अडते आणि स्वर बिघडतो. विल्चर म्हणाले, कड मऊ ठेवा, पेटी हवाबंद करा, आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्या.

हे समजायला सायकलचा पंप घ्या. पंपाच्या तोंडावर बोट दाबून दांडा खाली ढकला आणि सोडून द्या. दांडा आपोआप वर येतो. कोंडलेली हवा ही फार इमानी स्प्रिंग आहे. तिला गंज नाही, थकवा नाही.

पहिला नमुना विल्चर यांनी घरीच केला. स्पीकरची ताठ कड कापून काढली आणि तिच्या जागी गादीच्या अभ्र्याचं कापड बसवलं. ती मऊ कड बेतली आणि शिवणयंत्रावर शिवली ती त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी. ही कल्पना घेऊन विल्चर नामांकित कारखानदारांकडे गेले, तर त्यांना नकार मिळाला. शेवटी त्यांच्याच वर्गातला हेन्री क्लॉस नावाचा विद्यार्थी पुढं आला. गुरू आणि शिष्य, दोघांनी मिळून १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. त्यांची पहिली पेटी ए-आर-वन. १९५८ साली आलेली ए-आर-थ्री तर जगप्रसिद्ध झाली. लांबी फक्त पंचवीस इंच, पण खर्ज असा की कपाटाएवढ्या पेट्यांनी लाजावं.

या कंपनीनं लोकांची परीक्षाही मोठी गमतीची घेतली. सभागृहात चार वादक तंतुवाद्यांची मैफल करीत असत. मधेच ते वाजवणं थांबवीत आणि नुसते हात हलवीत राहत; आधी टिपून ठेवलेलं वादन पेट्यांतून चालू होई. खरं वादन कुठं संपलं आणि पेटी कुठं सुरू झाली, हे श्रोत्यांपैकी अनेकांना कळत नसे. पुढं १९६७ साली विल्चर यांनी कंपनी विकली आणि उरलेलं आयुष्य कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्रांच्या संशोधनाला दिलं. त्या कामाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. कोणीही वापरावं म्हणून ते छापून मोकळे झाले.

दुसरी हकिगत इंग्लंडमधली आहे. हंटिंग्डन गावच्या पीटर वॉकर यांनी कागद, चुंबक आणि पेटी, तिन्ही वजा केली. लहानपणी आपण कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलत होतो, आठवतं ना? त्याच स्थिर विजेचा त्यांनी उपयोग केला. दोन जाळीदार पत्र्यांच्या मध्ये कागदाहून कितीतरी पातळ असा पडदा ताणला, त्यावर काही हजार व्होल्टचा भार ठेवला आणि जाळ्यांना गाण्याची वीज दिली. पडदा सगळाच्या सगळा एकदम हलतो, आणि हवेएवढाच हलका असल्यानं जिथं थांबायचं तिथं थांबतो. हा क्वाड नावाचा लाउडस्पीकर १९५७ साली बाजारात आला. दिसायला खोली गरम करणाऱ्या विजेच्या शेगडीसारखा. पण माणसाचा गळा आणि तंतुवाद्य त्यातून ऐकावं ते असं, की मध्ये काही आहे याचा विसर पडावा. त्याला दोष नाहीत असं नाही. खर्ज बेताचा, फार मोठ्यानं वाजवला तर पडद्याला धोका, आणि नीट ऐकायचं तर समोर ठरावीक जागीच बसायला हवं. तरीही त्याचे चाहते साठ-पासष्ट वर्षांनंतरही त्याची डागडुजी करून ऐकत आहेत.

तिसरी पेटी खुद्द रेडिओवाल्यांची आहे, म्हणून मला ती जास्त जवळची. बीबीसीच्या संशोधन खात्यात १९७० च्या आसपास सभागृहांच्या छोट्या प्रतिकृतींवर प्रयोग चालले होते. प्रतिकृती आठपट लहान, म्हणून संगीतही आठपट वेगानं वाजवायचं. त्यासाठी एक चिमुकला लाउडस्पीकर तयार झाला आणि तो अपेक्षेपेक्षा फारच सरस वाजला. बाहेरगावच्या कार्यक्रमाच्या गाडीत मोठी पेटी मावत नाही. तिथं हाच उपयोगी पडेल असं ठरलं. त्यातून निघाली एल-एस-थ्री-फाइव्ह-ए. एक फूट उंच, जेमतेम साडेसात इंच रुंद. बाजू पातळ प्लायवुडच्या, आणि लाकूड स्वतः गाऊ नये म्हणून आतून जाड लेप चिकटवलेला.

आणि ती पारखली कशी? या मंडळींचा मुख्य कस माणसाच्या बोलण्याचा. पलीकडच्या खोलीत माणूस बोलतो, मध्ये मायक्रोफोन. अलीकडे पेटीतून तेच ऐकायचं, पुन्हा उठून त्या खोलीत जाऊन खऱ्या माणसाचं ऐकायचं. दोन्ही सारखे वाटेपर्यंत पेटीत सुधारणा. व्हायोलिन कसं वाजतं याबद्दल दोघांचं दुमत होईल. पण माणसाचा आवाज आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. त्यात कान फसत नाही.

इथं मला अक्काचं म्हणणं उमगलं. मांडवातल्या पेट्या वाईट नसतात. हजार माणसांपर्यंत आवाज फेकणं हे त्यांचं काम, आणि ते त्या करतात. पण त्यासाठी आवाजाचा काही भाग फुगवावा लागतो, काही सोडून द्यावा लागतो. सुटतो तो नेमका बारीक भाग, म्हणजे स, श, त, च यांची धार, श्वास, आवाजातला कंप. माणूस ओळखू येतो तो त्यावरूनच.

मग तुम्ही विचाराल, या पेट्या आम्ही आणायच्या कुठून? खरं आहे. जुन्या बाजारात अशा जोडीला आज लाखाच्या पुढं किंमत मागतात. कित्येक जुन्या स्पीकरांची फोमची कड कुजलेली असते, आतले कपॅसिटर निकामी झालेले असतात. ते विकत घ्या असं सांगायला मी बसलेलो नाही. पण त्या माणसांनी जे शिकवलं ते फुकट आहे, आणि तुमच्या घरातल्या साध्या रेडिओलाही लागू आहे.

रेडिओ जमिनीवर किंवा कोपऱ्यात कोंबू नका. तिथं खर्ज घुमतो आणि शब्द बुडतात. बसल्यावर कान जिथं येतो, त्या उंचीवर आणि भिंतीपासून हात-दीड हात पुढं ठेवा. पत्र्याच्या कपाटावर ठेवू नका, कपाटही गाऊ लागतं. खोलीत घुमत असेल, तर समोरच्या भिंतीला एक जाड गोधडी टांगा. आवाज वाढवण्याऐवजी जवळ बसा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाजाची तीव्रता चौपट होते, आणि त्याला वीज लागत नाही.

शिक्षकांना आणखी एक सांगतो. शाळेसाठी स्पीकर घेताना दुकानदार धडाकेबाज गाणं लावील. त्याला म्हणा, आधी बोलणं ऐकवा. एखाद्याला फोनवर वाचायला लावून टिपून न्या: काल, काळ, मला, मळा, सात, साठ, ताट, ताठ. पाठ करून उभे राहा आणि ऐका. ल आणि ळ, त आणि ठ वेगळे कळले, तर ती पेटी वर्गात चालेल. नाही कळले, तर शेवटच्या बाकावरचं पोर शुद्धलेखनात चुकणार आणि छडी मात्र त्यालाच बसणार.

आता राहिली आईची टेप. पुण्याला एका स्नेह्यांकडे त्या बीबीसीच्या जातीची जुनी जोडी आहे. मी अक्काला घेऊन गेलो. त्यांनी टेप लावली, आवाज बेताचाच ठेवला. जात्याची घरघर पूर्ण खोल नव्हती. एवढ्याशा पेटीत ती मावत नाही. पण बांगड्यांची किणकिण आली, ओवीच्या मधला दम आला. अक्का डोळे मिटून बसली होती. एके ठिकाणी ओवी क्षणभर थांबते. अक्का हळूच म्हणाली, "इथं तिनं जात्यात मूठ घातली."

त्यापुढं तिनं काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही.

श्रोतेहो, तुमच्या घरीही एखादी जुनी टेप असेल, कोणाच्या फोनमध्ये आजीचं बोलणं असेल. ते जपून ठेवा. आणि ऐकाल तेव्हा चार माणसं जवळ बसून, बेताच्या आवाजात ऐका. नमस्कार.