कलमांचे ओझे



संगणकाच्या भाषांवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपल्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु माझा जन्म करार लिहिण्यात गेला. करार काय, संगणकाची भाषा काय, दोन्ही नियमांची पुस्तकेच. ती कशी फुगतात, हे मी जवळून पाहिले आहे.

संगणकाला काम सांगायचे तर ठराविक शब्दांत आणि काटेकोर व्याकरणाने सांगावे लागते. हीच प्रोग्रॅमिंगची भाषा. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान सिद्ध केली, ती माणसाचे श्रम वाचावेत म्हणून. १९६० साली तेरा विद्वानांनी अल्गोल भाषेची संहिता जेमतेम वीसएक पानांत बसवली. पुढे तिची सुधारलेली आवृत्ती करायला समिती बसली. निकलाउस वीर्त ह्यांनी साधा आराखडा पुढे ठेवला, तो मागे पडला. जी अल्गोल ६८ निघाली ती इतकी अवघड, की डाइक्स्ट्रा आणि होअर ह्यांच्यासारख्या सभासदांनी आपले मतभेदाचे पत्रक काढले. वीर्त बाहेर पडले आणि १९७० साली त्यांनी पास्कल ही आटोपशीर भाषा दिली.

धडा मिळाला, पण टिकला नाही. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप ह्यांनी १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जिची सुरुवात केली, त्या सी प्लस प्लस भाषेची १९९८ ची प्रमाणसंहिता सातशेंवर पानांची होती. २०२० ची अठराशेंच्या पुढे गेली. २०१८ साली खुद्द स्ट्रॉस्ट्रुप ह्यांनीच सहकाऱ्यांना वासा जहाजाची आठवण दिली. स्वीडनच्या राजाचे ते डौलदार जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत, स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाले. वरचा भार फार झाला होता.

आता कोणी म्हणेल, ही विद्वानांची हौस. मी तसे म्हणणार नाही, कारण तेच पाप माझ्या हातून घडले आहे. एका कारखान्यात उत्पादन भत्त्याचा आमचा पहिला करार चार पानांचा होता. पुढे प्रत्येक खात्याची वेगळी अडचण आली. रंगखात्याला एक सवलत, भट्टीवाल्यांना दुसरी, रात्रपाळीला तिसरी. प्रत्येक मागणी न्याय्य होती. प्रत्येक कलम मी भांडून मिळवले आणि टाळ्या घेतल्या. पुढे रंगखात्यातला एक गडी बदलीवर भट्टीत गेला. दोन कलमे एकमेकांवर आदळली आणि आठ महिने त्याचा भत्ता बुडाला. तो करार घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, ह्यात माझे काय लिहिले आहे?” मला सांगता येईना. करार मीच लिहिला होता!

भाषांचेही असेच होते. नवी सोय मागणाऱ्याचा लाभ त्याच्या डोळ्यांपुढे असतो. तिचे ओझे मात्र सगळ्यांवर वाटले जाते, म्हणून कोणालाच दिसत नाही. कोणी म्हणतो, नको असेल ती सोय वापरू नका. पण प्रोग्रॅमर लिहितो त्यापेक्षा दुसऱ्याचे लिहिलेले अधिक वाचतो. शेजाऱ्याने वापरलेले कलम त्याला समजावेच लागते. शिवाय एकदा आलेले कलम काढणे महाकठीण, कारण जुने काम त्यावर उभे असते. पायथन भाषेने २००८ मध्ये जुन्या चुका दुरुस्त केल्या, पण जुन्या आवृत्तीला निरोप द्यायला २०२० साल उजाडले.

मग भाषा लहान ठेवली की भागले काय? तसेही नाही. सी भाषा लहान. पण स्मृतीचा हिशेब तिने माणसाच्या डोक्यावर ठेवला आणि त्या हिशेबातल्या चुकांतून चोरांना वाटा मिळाल्या. गूगलमध्ये जन्मलेली गो भाषा २००९ साली साधेपणाचे व्रत घेऊन आली. एकच काम निरनिराळ्या प्रकारच्या माहितीवर करायचे, तर तेच तेच पुन्हा लिहावे लागे. शेवटी २०२२ मध्ये तिने त्याची सोय स्वीकारलीच. कामातली गुंतागुंत कोणीतरी वाहायचीच असते. हत्याराने नाही वाहिली, तर हाताला वाहावी लागते.

म्हणून प्रश्न पानांच्या संख्येचा नाही. हे कलम कोणाचे ओझे उतरवते आणि कोणाच्या खांद्यावर टाकते, हा प्रश्न आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात एक शहाणी अट होती: नियम बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फाटकाजवळ लावावेत. मी त्याला एक जोड देईन. नियम करणाऱ्यांच्या बैठकीत तो रोज वाचणाऱ्यालाही खुर्ची द्या. कालच कामाला लागलेल्या पोरालाही द्या, आणि पंचेचाळिशीत “तुम्हाला नवे येत नाही” हे ऐकणाऱ्या जुन्या माणसालाही द्या.

तो भत्त्याचा करार आम्ही पुढे पुन्हा लिहिला. दर कलमाला त्या गड्याला विचारले, “समजले का?” तो नाही म्हणाला, की आम्ही खोडत गेलो. करार नऊ पानांवर आला. चारांवर काही येऊ शकला नाही. पण ती नऊ पाने तो स्वतः वाचू शकत होता.