ओव्हनआधी भिंतीला विचारा

(आळेफाटा येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडं आटोपतं घेऊन)

मंडळी, बोलण्याआधी एक काम उरकतो. हा ओव्हन समोर बसलेल्या वहिनींनी घरून आणलाय. नानकटाई बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते, ही त्यांची तक्रार. बटण १७५ वर आहे, ओव्हन तापलाय. आता फॉइलच्या वाटीतून चमचाभर साखर आत सरकवतो. पंधरा मिनिटं दार कुणी उघडायचं नाही, मीही नाही.

पैठणला वेद बोललेल्या रेड्याची समाधी आपल्या आळ्यात आहे. मुक्याला बोलतं करणं या गावाला नवं नाही, म्हणून हा विषय घ्यायचं धाडस केलं. (हशा) माझं आयुष्य दुरुस्तीत गेलं. ‘बिघडलाय’ म्हणून आलेले कितीतरी ओव्हन माझ्या टेबलावर ठणठणीत चाललेत. घरी नेला की पुन्हा तेच रडगाणं. मग बिघाड कुठंय? पुष्कळदा भिंतीत.

ओव्हनवर १५०० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. मळ्यात संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या, की डीपीपासून शेवटच्या घरात १८० मिळाले तरी नशीब. तुम्ही म्हणाल, पाचवा हिस्साच तर गेला. पण रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. १५०० वॅटचे उरतात जेमतेम ९२०. पुस्तक सांगतं दहा मिनिटं तापवा. तुम्ही दहा मिनिटांनी केक ठेवता आणि तो बसतो. मग दोष सोड्याला, नाहीतर सुनेला. (हशा) घड्याळ बघू नका, रॉड बघा. लाल झालेले रॉड पहिल्यांदा काळे पडले, की ओव्हन तापला.

दुसरी गोष्ट पॉइंटची. १५०० भागिले २३०, साडेसहा अँपियर झाले. आपला साधा पॉइंट सहाचा. त्यावर टीव्हीचा एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर ओव्हन. प्लग काढून पिना बघा. एखादी काळी पडली असेल तर ओव्हन उघडायचं कारण नाही, आधी वायरमनला बोलवून सोळा अँपियरचा पॉइंट घ्या. माझ्याच घरात बोर्ड वितळला होता. लोकांना सांगत फिरणारा मी, घरी मात्र ‘बघू नंतर’.

पावसाळ्यात वेगळंच. माळशेजच्या बाजूला धुकं घरात शिरतं. ओव्हन महिनोन्‌महिने पडून असतो, गणपतीत लावला की ईएलसीबी पडते. रॉडच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली असते, ती ओल धरते. मिस्त्री सरळ रॉड बदलायला सांगतो. आधी रॉड काढून नीट वाळवायला लावा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पण ईएलसीबी बाजूला करून ओव्हन चालवायचा नाही. अंगाला मुंग्या येतात म्हणून लाकडी पाटावर उभं राहून केक करणारी माणसं मी पाहिलीत! अर्थिंग तपासून घ्यायला त्या पाटाएवढाही खर्च येत नाही.

मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजारांवर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. बिबट्या परवडला, तो निदान डोळ्यांना दिसतो.

या यंत्राची एक गंमत सांगतो. आपल्या खोडदच्या दुर्बिणी तुम्ही पाहिल्यात, ४५ मीटर व्यासाच्या. ऑस्ट्रेलियात पार्क्सला तशीच एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिथं १९९८ पासून अधूनमधून एक विचित्र संदेश यायचा. २०१५ मध्ये छडा लागला : आवारातला मायक्रोवेव्ह बंद व्हायच्या आतच कुणीतरी दार ओढायचं आणि त्या क्षणाला लहरी बाहेर निसटायच्या. चहा गरम व्हायला दोन सेकंद थांबवेना, आणि शास्त्रज्ञ आभाळ धुंडाळतायत!

झाली पंधरा मिनिटं. साखर १८६ अंशांना वितळते. १७५ वर ती कोरडी राहायला हवी. बघा पुढं येऊन : कडेनं पाणी झालंय, मधे पिवळसर. आणि मीटर सांगतोय, या सभागृहात आत्ता २०८ व्होल्टच आहेत. दाब कमी असूनही ओव्हन जास्त तापतोय, म्हणजे इथं भिंत निर्दोष आहे. गुन्हेगार थर्मोस्टॅट.

वहिनी, तुमच्या हाताचा दोष नाही. नवा थर्मोस्टॅट बसेपर्यंत बटण १६० ला ठेवा आणि घरी पुन्हा एक चमचा साखर घालून बघा. हा ओव्हन गार झाल्यावर न्या, अजून तासभर तरी चटका बसेल.