भीड आणि विसार



आम्ही तिघी मिळून गाड्यांच्या डिटेलिंगचा छोटा व्यवसाय करतो. डिटेलिंग म्हणजे नुसती गाडी धुणं नव्हे. बाहेरून फेस लावून धुवायची, रंगावर चिकटलेलं डांबर आणि धूळ काढायची, मग पॉलिश करायचं. आतल्या सीट शाम्पूनं घासायच्या, व्हॅक्यूमनं पाणी ओढून घ्यायचं आणि वाळू द्यायच्या. ओल्या सीटची गाडी बंद करून दिली, तर पुढे कुबट वास येतो. म्हणून आमच्याकडे दिवसाला एकच गाडी पूर्ण होते. ती आली नाही, तर दिवस गेला. दूध उरलं तर विरजण लावता येतं. उरलेल्या दिवसाचं काहीच करता येत नाही.

गेल्या वर्षी हे चांगलंच समजलं. दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्यामुळे आदल्या दिवसासाठी चार जणांनी विचारलं. पहिल्याला हो म्हटलं, तिघांना नाही सांगितलं. सकाळी आमच्या दोघी मदतनीस आल्या, बादल्या भरल्या, आणि साडेनऊला फोन आला, “ताई, आज जमत नाही, पुढच्या आठवड्यात बघू.”

आम्ही काय म्हणालो? “काही हरकत नाही, दादा.” खरं तर मोठी हरकत होती. त्या तिघांना फोन केले, पण त्यांनी गाड्या दुसरीकडे दिल्या होत्या. चार हजारांचं काम बुडालं. संध्याकाळी आमची एक मदतनीस म्हणाली, “ताई, काम झालं नाही, तर आज मजुरी अर्धीच द्या.” ते ऐकून आम्हाला लाज वाटली. आम्ही गिऱ्हाइकाची भीड धरली, आणि तिचा भुर्दंड आमच्यातली सगळ्यात गरीब बाई भरायला निघाली होती. मजुरी पूर्ण दिली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते त्या दिवशी पटलं.

त्या रात्री बसून नियम ठरवले. गाडीची तारीख देताना एक हजार रुपये विसार घ्यायचा आणि तो बिलातून वजा करायचा. हजारच का? तर दोघींची दिवसाची मजुरी प्रत्येकी पाचशे. काम झालं नाही तरी जे खिशातून जातं, तेवढंच मागायचं. बुडालेला नफा मागायचा नाही. एक दिवस आधी कळवलं, तर विसार पूर्ण परत, नाहीतर तारीख बदलून द्यायची. त्यानंतर कळवलं, तर विसार परत नाही.

दंड वाटेल तेवढा लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा. 1872 च्या करार कायद्यानुसार, रक्कम आधी ठरली असली तरी भरपाई वाजवीच मिळते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर नुकसानीच्या मानानं भलताच मोठा दंड लावणाऱ्या कराराला अनुचित म्हटलं आहे. म्हणून आपला हिशेब आपल्याकडे लिहिलेला असावा, आणि नियम तारीख देतानाच मेसेजमध्ये लिहून पाठवावा. मागाहून सांगितलेला नियम भांडण वाढवतो.

दोन दिवस आधी आम्ही आठवण करून देतो, “दादा, परवा नऊ वाजता गाडी येणार ना?” ज्यांना नाही म्हटलं, त्यांची नावं वहीत ठेवतो. दिवस मोकळा झाला, की पहिला फोन त्यांना जातो. कोणीच आलं नाही, तर फक्त आतली सफाई, अशी दोन-तीन तासांची छोटी कामं घेतो.

नियम आम्हालाही लागू आहे. आमच्याकडे पाणी आलं नाही किंवा वीज गेली, तर विसार त्याच दिवशी परत जातो आणि पुढच्या कामात पाचशेची सूट मिळते. आणि माणुसकी सोडायची नाही. एका ताईंनी सकाळी सातला कळवलं, सासऱ्यांना दवाखान्यात नेलंय. त्यांचे पैसे आम्ही न मागता परत केले.

विसार मागायला सुरुवातीला जीभ अडखळायची. आता सरळ सांगतो, “तुमच्यासाठी दिवस राखून ठेवतो, म्हणून हा विसार.” एक जुनं गिऱ्हाईक रागावून गेलं, ते परत आलं नाही. बाकीच्यांनी मुकाट्यानं दिला. कामं अजूनही रद्द होतात, पण लोक आता आधी कळवतात. हजार रुपयांपेक्षा तो वेळच आम्हाला मोलाचा, कारण तेवढ्यात वहीतल्या दुसऱ्या नावाला दिवस देता येतो.

तुम्ही मेंदी काढत असाल, पुरणपोळ्यांच्या ऑर्डर घेत असाल, तर आज एवढंच करा. काम ऐन वेळी रद्द झालं, तर तुमच्या खिशातून नेमकं किती जातं, ते कागदावर लिहा. तो आकडा समोर असला, की मागताना मान खाली जात नाही.